गाल मोठे की हनुवटी मागे?

पत्र:

मॅडम, मी औशाची. वय २४, एम.कॉम. झालंय, लातूरला एका सीएंच्या ऑफिसात काम करते. उंची पाच फूट दोन इंच, वजन ५२ किलो. अंगानं बारीकच आहे, पण चेहरा लहानपणापासून गोल. गाल भरलेले आणि हनुवटीखाली दुसरी हनुवटी. मोठ्या बहिणीची उंची माझ्याएवढीच, वजन ५८, तरी तिचा चेहरा रेखीव दिसतो. आता स्थळं यायला लागलीत. बायोडाट्यावरचा फोटो बघून बीडच्या पाहुण्यांनी मध्यस्थाला विचारलं, "मुलगी जाड आहे का?" तीन महिन्यांपासून जबड्याच्या व्यायामाचा रबरी गोळा चावते, फेस योगा करते, दगडानं मसाज करते. आता तोंड उघडताना कानापाशी कट्कन आवाज येतो. एका क्लिनिकमध्ये म्हणाले, गालाच्या आतली चरबी काढू, अर्ध्या तासाचं काम, साठ हजार रुपये. बाबा सोयाबीनच्या पैशातून द्यायला तयार आहेत. आई म्हणते, "माझे पण असेच होते, दोन लेकरं झाली की बसतात आपोआप." मैत्रीण म्हणते, सुपारी चघळ, गाल आत जातात. माझे वरचे दात थोडे पुढे आहेत, फोटोत ओठ ओढून मिटावे लागतात. सकाळी डोळे सुजल्यासारखे वाटतात. ऑपरेशन करून घेऊ का?

उत्तर:

सध्या नको. आगाऊ रक्कम भरली नसशील तर भरू नकोस. तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहेस: वरचे दात पुढे आहेत आणि ओठ ओढून मिटावे लागतात. क्लिनिकमध्ये कुणी तुझे दात बघितले का? बाजूनं फोटो काढला का? जबड्याचा एक्स-रे? यातलं काही झालं असतं तर तू लिहिलंच असतंस. समोरून चेहरा बघून गालावर बोट ठेवायचं आणि रक्कम सांगायची, याला तपासणी म्हणत नाहीत.

चेहरा गोल दिसतो तेव्हा दोष नेहमी चरबीलाच दिला जातो. पण वरून दिसणाऱ्या आकाराला चार गोष्टी जबाबदार असतात: हाडं, चावण्याचे स्नायू, चरबी आणि सूज. यातली कोणती किती, ते कळल्याशिवाय उपाय ठरत नाही. तुझ्या बाबतीत पत्रावरूनच बरंचसं कळतंय, बाकीचं तू घरी एका संध्याकाळी तपासू शकतेस.

आधी बहिणीचं कोडं सोडवू. उंची तेवढीच, वजन सहा किलो जास्त, तरी चेहरा रेखीव. कारण तिच्या गालाची हाडं बहुधा रुंद आहेत आणि हनुवटी पुढे आलेली आहे. मांडवाचं कापड तेवढंच असलं तरी खांब आखूड निघाले की कापडाला झोळ पडतो, तसं हे आहे. खालचा जबडा जरा मागे असला की हनुवटीपासून गळ्यापर्यंतची लांबी कमी होते. मग तिथली त्वचा, तिच्याखालची थोडीशी चरबी आणि जिभेखालचे स्नायू कमी जागेत गोळा होतात आणि खाली लोंबतात. लोक त्याला डबल चिन म्हणतात आणि वजनाशी जोडतात. गळ्यात घाटीच्या वर हायॉइड नावाचं एक छोटं, नालेच्या आकाराचं हाड असतं. ते ज्यांचं जन्मतः खाली आणि पुढे असतं, त्यांच्या गळ्याची रेघ सडपातळ अंगावरही बोथटच राहते. हनुवटी पुढे नसली की चेहऱ्याचा खालचा भाग लांबीला कमी पडतो आणि नजर रुंदीवर, म्हणजे गालांवर जाते. गाल आहेत तेवढेच असतात, पण मोठे वाटतात.

आता तपासणी. बहिणीला मदतीला घे. एक मोबाइल आणि एक मोजपट्टी लागेल.

भिंतीकडे एक खांदा करून उभी राहा. बहिणीनं दीड ते दोन मीटरवर उभं राहायचं, मोबाइल तुझ्या चेहऱ्याच्या उंचीवर धरायचा आणि २एक्स झूम लावून बाजूनं फोटो काढायचा. तू समोर लांबवर बघायचंस, मान वर नाही आणि खाली नाही. मागचे दात एकमेकांवर टेकलेले आणि ओठ सैल. ओठ मिटत नसतील तर उघडे राहू देत, ओढून मिटलेस तर हनुवटीवरची कातडी ताणली जाते आणि फोटो खोटा येतो. आता फोटोवर खालच्या ओठापासून सरळ खाली एक उभी रेघ ओढ. मुलींमध्ये हनुवटीचं टोक या रेघेच्या किंचित मागे, साधारण दोन-तीन मिलीमीटरपर्यंत, असणं अगदी सर्वसामान्य आहे. टोक बरंच मागे दिसलं तर हनुवटी मागे आहे.

मग दुसरा फोटो, आणि खरी गंमत यातच आहे. जागा तीच, अंतर तेच. फक्त खालचा जबडा हळूच पुढे आण, पुढचे वरचे आणि खालचे दात टोकाला टोक भिडेपर्यंत, आणि तसाच धरून ठेव. फोटो काढ. दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघ. दुसऱ्या फोटोत गळ्याखालची वळी निम्म्याहून कमी झाली आणि चेहरा लांबट दिसायला लागला, तर तुझा प्रश्न चरबीचा नाही, हाडाचा आहे. दातांचे डॉक्टरही उपचारानं चेहरा कसा दिसेल याचा अंदाज अशाच रीतीनं घेतात. उलट, दोन्ही फोटोंत फारसा फरक दिसला नाही तर माझा अंदाज चुकलेला आहे आणि चरबी किंवा गळ्याची ठेवण हेच कारण असू शकतं.

तिसरं, मागचे दात टेकवून आरशासमोर बस आणि वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या किती पुढे आहेत ते मोजपट्टीनं बघ. दोन-तीन मिलीमीटर अंतर सर्वांनाच असतं. सहा-सातच्या पुढे गेलं की ऑर्थोडॉन्टिस्टनं, म्हणजे दातांना तारा लावणाऱ्या डॉक्टरांनी, बघायलाच हवं. खालचा ओठ वरच्या दातांच्या मागे जाऊन बसतो का, हेही बघ. तसं असेल तर तो ओठ रोज थोडाथोडा वरच्या दातांना पुढे ढकलत असतो.

गालांसाठी दोन चाचण्या. जबड्याच्या कोनावर, कानाच्या पाळीखाली दोन बोटं पुढे, हात ठेव आणि दात करकचून आवळ. बोटांखाली जो टणक गोळा उठतो तो मॅसेटर, चावण्याचा मुख्य स्नायू. तो जाड असेल तर चेहरा खालच्या बाजूला रुंद आणि चौकोनी दिसतो. दुसरी चाचणी: हात धुऊन अंगठा गालाच्या आत आणि तर्जनी बाहेर ठेवून गाल अलगद धर. कातडीलगत जी मऊ घडी चिमटीत येते ती वरवरची चरबी. क्लिनिकवाले जी काढणार आहेत ती ही नाहीच.

ते जी काढतात तिला बुक्कल फॅट म्हणतात. ही चरबीची गादी गालात खोलवर, चावण्याच्या स्नायूच्या पुढे आणि गालाच्या आतल्या पातळ स्नायूच्या बाहेर असते. प्रत्येक गालात साधारण दहा मिली. बिशा या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानं १८०२ मध्ये ती चरबी आहे हे नीट लिहून ठेवलं, त्याआधी तिला ग्रंथी समजायचे. तान्ह्या बाळाचे फुगरे गाल हिचेच. वजन वाढलं-घटलं तरी ही गादी फारशी बदलत नाही, म्हणून डाएटनं ती जात नाही. हे खरं आहे आणि क्लिनिकवाले तुला एवढंच सांगतात. ऑपरेशनमध्ये वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेपाशी गालाच्या आतून एक-दोन सेंटीमीटरचा छेद देतात आणि दर बाजूनं दोन ते चार मिली चरबी ओढून कापतात. काम छोटं दिसतं, पण जागा अडचणीची आहे. लाळेच्या पॅरोटिड ग्रंथीची नळी त्याच दाढेसमोर तोंडात उघडते. तिला धक्का लागला तर लाळ गालात साठून सूज येते. वरचा ओठ हलवणाऱ्या चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या फांद्या त्या गादीलगतच जातात. त्या दुखावल्या तर हसू एका बाजूला ओढलं जातं, कधी तात्पुरतं, कधी कायमचं. रक्त साठणं, जंतुसंसर्ग, दोन्ही गाल कमीजास्त होणं हेही होतं.

तरी माझा मुख्य आक्षेप या धोक्यांवर नाही. ते चांगल्या सर्जनच्या हातात कमी असतात. आक्षेप असा, की चेहऱ्यावरची चरबी पुढच्या वीस वर्षांत आपोआप कमी होणार आहे आणि काढलेली गादी पुन्हा येत नाही. चेहऱ्याची चरबी एक सलग थर नसून वेगवेगळ्या कप्प्यांत असते, हे रोहरिच आणि पेसा यांनी २००७ मध्ये दाखवलं. वयानुसार यातले खोलवरचे कप्पे, विशेषतः डोळ्याखालचे आणि गालाच्या मधले, आटतात. डोळ्यांच्या खोबणी रुंदावतात, वरचा जबडा थोडा मागे सरकतो. आधार गेला की वरवरचे कप्पे खाली घसरतात आणि नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल होते. तुझी आई बरोबर सांगते आहे, फक्त श्रेय लेकरांना देते. गाल बसवले ते वयानं. तिच्या लग्नाचा अल्बम काढ आणि तिच्या आजच्या फोटोशेजारी ठेव. तुझा चेहरा आईवर गेला असेल तर पंचेचाळिशीतला तुझा चेहरा तिथे बघायला मिळेल. आता विचार कर की त्या चेहऱ्यातून आणखी चरबी कमी केली तर काय दिसेल. चोविसाव्या वर्षी खप्पड गाल फोटोत फॅशनेबल वाटतात, चाळिशीत तेच आजारी दिसतात आणि मग ते भरायला फिलरचे, म्हणजे कातडीखाली भरायच्या जेलच्या इंजेक्शनचे, पैसे मोजावे लागतात. ज्यांचा जबडा भक्कम, हनुवटी नीट पुढे आणि तरीही गालांचा खालचा भाग फुगीर, अशा मोजक्या लोकांना या ऑपरेशनचा फायदा होतो. हनुवटी मागे असलेल्या चेहऱ्यावर ते केलं तर गाल आत जातात आणि खालचा चेहरा होता तसाच बोथट राहतो.

चरबी विरघळवणारं इंजेक्शन सुचवलं तर तेही गालात घेऊ नकोस. डीऑक्सिकोलिक ॲसिडच्या इंजेक्शनला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली ती फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी. आणि तिथेही आधी हे ठरायला हवं की खाली खरोखर चरबी आहे, का नुसती हाडाची उणीव.

आता तुझ्या तीन महिन्यांच्या मेहनतीबद्दल. रबरी गोळा आजच बंद कर. चावण्यानं चरबी जळत नाही, मॅसेटर वाढतो. म्हणजे ज्या जागी चेहरा रुंद होऊ नये असं तुला वाटतं, नेमक्या त्याच जागी तू स्नायू जमवते आहेस. फेस योगाचंही तसंच. २०१८ मध्ये शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डॉक्टरांनी चाळीस ते पासष्ट वयाच्या बायकांकडून वीस आठवडे चेहऱ्याचे व्यायाम करून घेतले. गट लहान होता, पण जो फरक दिसला तो गाल भरल्याचा होता, कमी झाल्याचा नव्हता. उतारवयात गाल बसलेल्या बाईला हे हवंच असेल. तुला नको आहे.

कानापाशी येणारा कट् आवाज जबड्याच्या सांध्याचा आहे. सांध्यातली कूर्चेची चकती जागेवरून किंचित घसरली की असा आवाज येतो. दुखत नसेल तर घाबरायचं कारण नाही, पण वाढू द्यायचं नाही. दोन आठवडे मऊ खाणं: भाकरी आमटीत कुस्करून, मऊ भात, वरण. हुरडा, फुटाणे, ऊस, च्युइंगगम बंद. जांभई देताना हनुवटीखाली मूठ धर, म्हणजे तोंड फार उघडणार नाही. दुखत असेल तर गरम पाण्यात पिळलेल्या कापडानं दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा शेक. दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरसमोर दात आवळून बसायची सवय असते अनेकांना, तीही बघ. ओठ मिटलेले, दात सुटे, ही जबड्याची आरामाची स्थिती. गोळा बंद केल्यावर वाढलेला स्नायू काही महिन्यांत आपोआप उतरतो. तोंड अडकायला लागलं किंवा उघडणं कमी झालं तर मात्र वाट न बघता दंत महाविद्यालयात जा.

दगडाच्या मसाजानं चेहऱ्यातलं पाणी इकडचं तिकडे होतं, काही तासांपुरतं. नुकसान नाही, उपयोगही नाही. जीभ टाळूला चिकटवून जबडा पुढे आणायचे व्हिडिओही तुझ्यापर्यंत आलेच असतील. चोविसाव्या वर्षी जबड्याची वाढ संपलेली असते. जिभेनं हाड सरकत नाही.

सुपारीबद्दल मात्र मैत्रिणीला ठणकावून सांग. सुपारीनं गाल आत जातात हे तिनं कुठेतरी खरंच बघितलं असेल, कारण तसं होतं. पण ती चरबी गेलेली नसते. सुपारीमुळे तोंडातलं अस्तर जाड, पांढुरकं आणि ताठ होतं. त्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. गाल लवत नाहीत, तिखट लागलं की आग होते, तोंड उघडणं कमी होत जातं, आणि पुढे यातून तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण साधी सुपारी आणि मावा गावोगाव मिळतो आणि रोग त्यानंही होतो. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, हे घरातल्या प्रत्येक सुपारी खाणाऱ्याला करून बघायला सांग. जात नसतील तर सुपारी त्याच दिवशी बंद आणि लगेच तपासणी.

वजन कमी करायचं का? तुझ्या उंचीला ५२ किलो म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २१. आपल्याकडे २३ च्या पुढे जास्त वजन धरतात. चेहऱ्यातला बदल दुसऱ्याच्या नजरेत भरायला सरासरी उंचीच्या बाईला साडेतीन किलोच्या आसपास वजन कमी करावं लागतं, असं टोरंटो विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलं होतं. तू ते केलंस तर साडेअठ्ठेचाळीसवर येशील, गालाची वरवरची चरबी किंचित उतरेल, हनुवटी होती तिथेच राहील, आणि उपाशी राहून केलंस तर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळतील. लग्नाच्या हंगामात हे परवडणारं नाही. शरीराच्या एकाच जागेची चरबी व्यायामानं निवडून काढता येत नाही, ती कुठून आधी जाते हे आनुवंशिकतेवर असतं.

सकाळची सूज हा वेगळा मुद्दा आहे आणि तो दुर्लक्षू नकोस. आठवडाभर सकाळी सात आणि संध्याकाळी पाच वाजता एकाच जागी फोटो काढ. सकाळी सूज, संध्याकाळी उतरलेली, असं असेल तर आधी मीठ बघ. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा (टीस्पून), एवढीच मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितली आहे. ठेचा, लोणचं, पापड, खारे शेंगदाणे आणि ऑफिसातला चिवडा धरला तर ती दुपारीच ओलांडली जाते. रात्रीच्या जेवणातलं लोणचं-पापड दोन आठवडे काढून बघ. एवढ्यानं फरक पडला नाही तर रक्ताची टीएसएच ही थायरॉइडची तपासणी आणि लघवीची साधी तपासणी करून घे. थायरॉइड मंद असलं की पापण्या आणि चेहरा सुजट दिसतो, पाळी अनियमित होते, थकवा येतो. लघवीला फेस येत असेल आणि पायही सुजत असतील तर किडनीकडे बघावं लागतं. आणि एक प्रश्न, ज्याचं उत्तर तू लिहिलेलं नाहीस: दम, खाज किंवा सांधेदुखीसाठी गोळ्या, इंजेक्शन किंवा बिनानावाच्या पुड्या घेतेस का? त्यात स्टेरॉइड असलं तर काही आठवड्यांतच चेहरा पौर्णिमेसारखा गोल होतो. घेत असशील तर एकदम बंद करू नकोस, डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करायचं असतं. तुझा चेहरा मात्र लहानपणापासून असा आहे, त्यामुळे ही शक्यता मला कमी वाटते. गाल एकाच बाजूला किंवा अचानक सुजले तर तो लाळेच्या ग्रंथीचा विषय असू शकतो, तिथे वेगळी तपासणी लागते.

दुसऱ्या फोटोत फरक दिसला, असं धरून पुढचं सांगते. छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयाच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, लातुरातही दंत महाविद्यालय आहे. तिथल्या ऑर्थोडॉन्टिक्स विभागात जा आणि सेफालोग्राम काढून घे. हा डोक्याचा बाजूनं काढलेला एक्स-रे. त्यावर रेघा आखून वरचा जबडा पुढे आहे, खालचा मागे आहे, की फक्त दात वाकलेले आहेत, हे अंशांत आणि मिलीमीटरमध्ये कळतं. सोबत ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे. हा कागद हातात आल्याशिवाय कुणाशीच ऑपरेशनबद्दल बोलू नकोस.

उपचार तीन प्रकारचे निघू शकतात. नुसते दात पुढे असतील तर तारा लावून, बहुधा वरच्या दोन उपदाढा काढून, ते मागे घेतात. दीड-दोन वर्षं लागतात. ओठ छान मिटतात, पण यानं हनुवटी पुढे येत नाही. खालचा जबडाच खूप मागे असेल आणि असंच केलं तर वरचा ओठ आत जाऊन नाक मोठं दिसायला लागतं. "दात मागे घेतल्यावर बाजूनं चेहरा कसा दिसेल?" हा प्रश्न म्हणून आधी विचारायचा. दुसरा प्रकार जबड्याच्या शस्त्रक्रियेचा: आधी वर्ष-दीड वर्ष तारा, मग पूर्ण भूल देऊन खालचा जबडा दोन्ही बाजूंना कापून पुढे सरकवतात, पट्ट्या-स्क्रूनं बसवतात, नंतर पुन्हा काही महिने तारा. गळ्याची रेघ सगळ्यात जास्त यानंच सुधारते. पण खालच्या ओठाला आणि हनुवटीला बधिरपणा बहुतेकांना येतो, काहींना थोडा कायम राहतो. घोरणं, रात्री श्वास अडकून जाग येणं, सकाळी डोकं जड असणं यातलं काही तुला होत असेल तर हे आवर्जून सांग. मागे असलेला जबडा श्वासनलिकेची जागा अरुंद करतो आणि तेव्हा या शस्त्रक्रियेला सौंदर्यापलीकडचं कारण मिळतं.

तिसरा प्रकार, वरखालचे दात नीट जुळतात पण हनुवटीचं टोकच लहान आहे. मग जिनिओप्लास्टी करतात. खालच्या ओठाच्या आतून छेद घेऊन हनुवटीचं हाड आडवं कापून चार ते आठ मिलीमीटर पुढे सरकवतात. हे मॅक्सिलोफेशियल, म्हणजे जबडा-चेहऱ्याच्या, सर्जनचं काम आहे. आधी परिणाम बघायचा असेल तर हनुवटीत एक-दोन मिली हायलुरॉनिक ॲसिड फिलर भरून घेता येतं. ते साधारण वर्षभरानं विरतं. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते, क्वचित दृष्टीही जाते, म्हणून ब्यूटी पार्लरमध्ये ते कधीच नाही. त्वचारोगतज्ज्ञ किंवा एम.सीएच. प्लास्टिक सर्जन, आणि फिलर विरघळवणारं हायलुरोनिडेज समोर तयार ठेवलेलं, एवढं असेल तरच.

घरात अकरा-बारा वर्षांची भाची-पुतणी असेल आणि तिचीही ठेवण अशीच दिसत असेल तर तिला यंदाच दाखवा. वाढीच्या त्या दोन-तीन वर्षांत तोंडात घालायच्या साध्या प्लेट्सनी जे जमतं ते नंतर करवतीशिवाय जमत नाही. तोंड उघडं ठेवून झोपणारी, सतत नाक चोंदलेली मुलं सात-आठ वर्षांचीच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यावीत.

हे सगळं येत्या तुळशीच्या लग्नापर्यंत होणार नाही. बायोडाट्याचा फोटो मात्र या रविवारी होईल. सेल्फी नकोच. चेहऱ्यापासून तीस सेंटीमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा सुमारे तीस टक्के रुंद दिसतं, कारण लेन्सच्या जवळचा भाग मोठा होतो. चेहऱ्याचा मधला भाग फुगतो आणि कान मागे जातात. लातुरात गंजगोलाईजवळच्या एखाद्या स्टुडिओत जा आणि फोटोग्राफरला दोन मीटर मागे उभं राहून झूम करायला सांग. कॅमेरा डोळ्यांच्या किंचित वर. दिवा समोरून सपाट नको, एका बाजूनं वरून हवा, म्हणजे गालाच्या हाडाखाली आणि जबड्याखाली सावली पडते. समोरून लावलेला गोल रिंग लाइट ही सावली पुसून टाकतो आणि तुझ्यासारख्या चेहऱ्याला तो सगळ्यात वाईट. चेहरा अर्धा वळव, मान लांब कर, हनुवटी आधी पुढे आण आणि मग किंचित खाली. विचित्र वाटेल, फोटोत दिसत नाही. ओठ ओढून मिटू नकोस, दात दिसतील इतकं हस, कारण ओढलेल्या ओठांनी हनुवटी आणखी आखूड दिसते. रुंद झुब्यांपेक्षा लांब, बारीक कानातले घाल. गाल बारीक करणारा फिल्टर लावू देऊ नकोस, पोहे खायला येणाऱ्यांना खरी मुलगीच दिसणार असते.

बीडच्या पाहुण्यांना मध्यस्थाकरवी उंची आणि वजन कळवून टाका. त्यांनी प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर ५२ किलो आहे.

बाजूनं काढलेले दोन्ही फोटो, दातांच्या अंतराचं माप आणि सेफालोग्रामचा रिपोर्ट मिळाला की पुन्हा लिही. सोबत आईचा लग्नातला एक फोटोही पाठव, बाजूनं काढलेला असेल तर उत्तम.